पाय टेकला की संपलं

जमिनीला पाय न लावणे, हा माझा धंदा होता.

ऐकणाऱ्याला वाटतं म्हातारा थट्टा करतो. पण शहाद्याकडचे, सारंगखेड्याकडचे पिकल्या केसांचे लोक मान हलवतात. त्यांनी मला पाहिलेलं आहे. गावच्या मोकळ्या जागेत मधोमध एक बांबू, बांबूला दिवा आणि कर्णा, भोवती चुन्याचं गोल रिंगण, आणि त्या रिंगणात सायकलवर फिरणारा एक माणूस. आठवडाभर तो खाली उतरत नाही. सायकलवर जेवतो, सायकलवर अंघोळ करतो, सायकलवर कपडे बदलतो. तो माणूस मी, सुपडू. सगळे मला सुपडू सायकलवाला म्हणायचे. आता तळोद्याला जीप लागतात तिथं माझं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे आणि नवी पोरं मला पंक्चरवाले आबा म्हणतात. हा फरक मला आवडत नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

हा अंक काढणारी माणसं दुकानावर आली. म्हणाली, आबा, तुमच्या धंद्याबद्दल लिहा, आणि जमलं तर त्या स्केटिंगवाल्या रमिलाबद्दल पण लिहा. मी विचारलं, नक्की कोणाबद्दल पाहिजे ते सांगा. ते हसले. म्हणजे रमिलाबद्दलच पाहिजे होतं. मी म्हटलं, लिहीन, पण माझ्या हातानं लिहीन. माझी शाळा तिसरीत सुटली. जोडाक्षर आलं की अजून थांबून बघावं लागतं. तरी दुसऱ्या कोणी माझ्या तोंडचं लिहून घ्यायचं आणि त्यात आपलं घालायचं, हे मला चालणार नाही. आणि आधी माझा धंदा येईल, मग रमिला. रांगेत मी आधीपासून उभा आहे.

तर धंदा. लोक पहिलं विचारतात, झोपत कसे होता? अजिबात झोपत नव्हतो म्हटलं तर खोटं होईल. सायकल हळू चालते तेव्हा हँडल एका बाजूला वळू बघतं. ती ओढ हाताला कळत राहिली की डोळे मिटले तरी चालतं. हात जागे, बाकीचा माणूस झोपलेला. कोणी ओरडायचं, "ए सुपड्या, झोपना का रे?" मी डोळे न उघडता शिवी द्यायचो. लोक खूश.

दुसरं जे विचारतात ते बायकांसमोर विचारत नाहीत. दोन माणसं धोतर धरून सायकलीच्या बाजूनं चालायची आणि आत एक डबा असायचा. एवढं पुरे. काही सायकलवाले त्या धोतराआड हळूच पाय टेकून घ्यायचे. मला त्यांची नावं ठाऊक आहेत. मेलेल्यांची नावं कशाला काढू.

अंघोळ सगळ्यात वाईट. गावच्या बायका हौसेनं बादलीभर पाणी अंगावर मारायच्या, त्यातलं निम्मं रिंगणात पडायचं. एकाच जागी पाणी पडलं की चिखल, चिखलात चाक सरकलं की खेळ संपला. म्हणून मी रोज जागा बदलून अंघोळ करायचो. आणि जेवण झालं की फिरायची दिशा बदलायचो, नाहीतर एकाच बाजूला कललेलं अंग तसंच राहतं. बघा माझ्याकडे, अजून थोडं राहिलंच आहे. चालताना मी डावीकडे जातो. कस्तूर, म्हणजे माझी बायको, म्हणते, तुझ्याबरोबर चाललं की मी शेवटी गटारातच जाते.

कमाई म्हणजे लोक देतील ते. टॉवेल, टोपी, स्टीलचं पातेलं, शर्टाला टाचणीनं लावलेली नोट. ब्राह्मणपुरीचा न्हावी माझी दाढी फुकट करायचा, उलटा चालत चालत. अर्धी झाली की त्याला दम लागायचा. तो चहा पिऊन येईपर्यंत मी अर्ध्या गालाला साबण लावून फिरत असायचो आणि पोरं हसून लोळायची.

सारंगखेड्याच्या यात्रेत एकदा एका घोडेवाल्यानं पैज लावली. त्याची पांढरी घोडी माझ्याबरोबर रिंगणात चालणार, आधी कोण थांबतं ते बघू. घोडी सकाळपासून चालली. मान ताठ, शेपटी उंच, गर्दी तिच्याकडेच बघत होती, मला त्याचाच जास्त राग. दुपारी रिंगणाच्या कडेला कोणीतरी माझं जेवण आणून ठेवलं. घोडी थांबली आणि तिनं त्यात तोंड घातलं.

घोडेवाला म्हणाला, "मन्ही घोडी हारनी नही. तिले भूक लागनी."

मी फिरता फिरता ओरडलो, "माले बी लागेल शे!"

पैज मी जिंकलो आणि भाकरी घोडीनं खाल्ली. लोकांना अजून घोडीच आठवते.

आता नियम सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. हा धंदा मला हुसेन उस्तादांनी शिकवला. शहाद्याचे. त्यांच्यासारखा सायकलवाला तापीच्या अलीकडे-पलीकडे झाला नाही, मी सुद्धा नाही, आणि हे मी कोणाबद्दल सहसा म्हणत नाही. एका गावात शेवटच्या दिवशी त्यांना ताप होता. सकाळची वेळ, लोक हार-गुलाल आणायला गेलेले. हँडल थरथरलं आणि त्यांचा डावा पाय जमिनीला लागला. कोंबडीनं उकरावं एवढी खूण उठली. मी पाण्याची बादली घेऊन बाजूला होतो म्हणून मला दिसलं. दुसऱ्या कोणालाच नाही.

उस्ताद थांबले. सायकल आडवी ठेवली. लोक आले तेव्हा म्हणाले, "पाय टेकला."

लोक म्हणाले, "उस्ताद, आम्ही नाही पाहिला. चढा परत. सगळं जसंच्या तसं आहे."

उस्ताद म्हणाले, "कोई देखे ना देखे, जमीनने देखा." मग ज्यानं जे दिलं होतं ते त्याला परत दिलं. टॉवेल, टोप्या, पातेली. त्यानंतर ते कधीच रिंगणात उतरले नाहीत. घरासमोरच्या ओट्यावर बसून असायचे. मी भेटायला गेलो की विचारायचे, "कितना चला?" मी सांगायचो. मग ते आपल्या डाव्या पायाकडे बघत बसायचे.

मी तो नियम घेतला. पाय टेकला की संपलं. माझी सारी उमर रिंगणात गेली आणि माझा पाय कधी टेकला नाही. धोतराआड नाही, तापात नाही, घोडीनं भाकरी खाल्ली तेव्हा सुद्धा नाही. मग घरोघर टीव्ही आले, हातोहात मोबाईल आले, फिरणाऱ्या माणसाकडे कोण बघणार. धंदा बसला. मी बसलो नाही, दुकान टाकलं.

आता घ्या तुमची रमिला.

ती पहिल्यांदा दुकानावर आली तेव्हा तिच्या हातात दोन बूट होते, आणि बुटांखाली एकामागं एक अशी चार चार चाकं. तळोद्याच्या वसतिगृहात राहायची. कोणीतरी शाळेला जुने स्केट दान दिलेले, त्यातला जोड हिच्या पायाला बसला.

"आबा, हे फिरत नाही."

कस्तूर दुकानात डबा घेऊन आली होती. तिनं बूट उलटासुलटा केला. "कोन्हा जोडा शे हाऊ? याले चाकं कसाले लायेल शेतस?"

"पळायला," रमिला म्हणाली.

"पाय नही शेतस का तुले?"

पोरगी हसली. दात पांढरे, गुडघे फुटलेले. मी चाकं खोलली. सायकलच्या चाकात सुटे छर्रे असतात, आपण त्यात ग्रीस भरतो. इथं छर्रे एका छोट्या बंद कडीत कोंडलेले, त्याला बेअरिंग म्हणतात, आणि त्यात रेती गेलेली. घासलेटनं धुतलं, रेती काढली, ग्रीस गच्च भरलं, दिलं.

दुसऱ्या दिवशी तिचे सर आले. गिरासे सर. गळ्यात शिट्टी, डोक्यावर टोपी, वयानं माझ्या पोरापेक्षा लहान. "आबा, धुतलंत छान. पण ह्यात ग्रीस नको, चाक जड होतं. पातळ तेल लागतं." आणि त्यांनी स्वतः दोन थेंब घालून चाक बोटानं फिरवलं. ते फिरतच राहिलं. मी ग्रीस भरलेलं चाक दोन गिरक्यांत थांबत होतं. सरांचं बरोबर होतं. पण मला काय वाटलं ते विचारू नका. चाक म्हणजे माझी जहागिरी, आणि तिच्यात हा शिट्टीवाला शिरला होता.

संध्याकाळी बघायला गेलो. गावाबाहेर सिमेंटचा नवा रस्ता झाला होता, वाहतूक अजून सुरू नव्हती. तिथं रमिला फिरत होती. कमरेत वाकलेली, दोन्ही हात पाठीमागं, वळणावर उजवा पाय डाव्याच्या पुढून टाकत. आवाज फक्त चाकांचा. जीपवाले गाड्या थांबवून बघत होते. डोक्यावर मोळ्या घेतलेल्या बायका मोळ्या न उतरवता उभ्या होत्या. ही तीच माणसं, ज्यांना मी कोण होतो ते आठवत नाही. त्यात एक म्हातारा जीपवाला मला म्हणाला, "काय पोरगी शे भाऊ! असं कोन्ही फिरताना देखेल शे का तू?"

मला म्हणाला. मला!

घरी जाऊन जेवलो नाही. कस्तूरनं विचारलं, "पोट दुखी ऱ्हायनं का? ओवा दिऊ का?" बाईला सगळं कळतं.

हो, दुखत होतं. ती थांबून पाणी पीत होती, आणि तरी लोक टाळ्या वाजवत होते. मला थांबून पाणी प्यायला मिळालं असतं तर मी अजून फिरत असतो. तिच्या चाकाला तेल वेगळं, तिला शिकवायला सर, तिच्या डोक्याला टोप. माझ्या डोक्याला काय होतं? लोकांनी दिलेली टोपी.

मला वाटलं, ह्या पोरीत आहे काय ते बघितलं पाहिजे. तोल असा बाजारात मिळत नाही. सुट्टी लागली तेव्हा तिच्या गावी जायला निघालो. कस्तूरला सांगितलं, हवा बदलायला जातो. ती म्हणाली, जा, पोट हलकं करून ये.

रमिलाचं गाव म्हणजे नर्मदेच्या पाण्यातला टापू. धरणाचं पाणी चढलं तेव्हा डोंगराचं पोट बुडालं आणि डोकं वर राहिलं. त्या डोक्यावर थोडी घरं, तिचं त्यातलं एक. तळोद्याहून जीपनं मोलगीच्या पुढे जायचं, डोंगर उतरून काठाला यायचं, मग होडी. तिथं सपाट म्हणावी अशी जागा एकच, तिच्या घरापुढचं अंगण. स्केट तर सोडाच, गोटी ठेवली तरी पाण्यात जाईल असा उतार.

काठावर रमिला होडी घेऊन आली होती. मी बसलो, दोन्ही हातांनी दोन्ही कडा गच्च धरल्या. ती होडीच्या टोकाला उभी राहून वल्हं मारू लागली. होडी हलत होती, पोरगी हलत नव्हती. गुडघे सैल, कंबर सैल, डोकं एका जागी. मी बघतच राहिलो. माझ्या पायांना जे यायला वर्षं लागली ते हिच्या पायांत आधीपासून होतं.

"आबा, घाबरताय का?" ती हसून म्हणाली. "ते धरू नका, सोडा. धरलं की जास्त हलतं."

"तू मला सांगू नको," मी म्हटलं. आणि सोडलं नाही.

मग तिनं विचारलं, "आबा, तुम्ही सायकलवरून कधी पडला होता?"

"पडणारा रिंगणात ऱ्हात नही. पाय टेकना की संपनं." आणि मग मी तिला उस्तादांची सगळी गोष्ट सांगितली.

ती ऐकून नुसती मान हलवत राहिली, जसं काही मी नवीन सांगितलंच नाही. मग म्हणाली, "होडीत पण तसंच. इथं पाय टेकायला जागा कुठंय?"

तिचे वडील होडीवालेच. त्यांनी मला मासे खाऊ घातले आणि हात जोडून म्हणाले, "पोरगी तुमचं नाव घेते. तिला शिकवा." मला असं कोणी हात जोडल्याला फार दिवस झाले होते.

परत आल्यावर मी तिला वळण शिकवलं. मान नाही कलवायची, कंबर कलवायची, आणि नजर पुढच्या वळणावर ठेवायची, चाकाकडे नाही. सरांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बरोबर आहे, आबा." मला ते आवडलं नाही. मला पाहिजे होतं की त्यांनी चूक म्हणावं आणि मग मी बरोबर निघावं.

रमिला जिंकत गेली. शहाद्याला, मग धुळ्याला. पेपरात फोटो यायचे, तिच्या बाजूला गिरासे सर, शिट्टीसकट. मी फोटोत कुठं होतो? पेपर दुकानात यायचा तेव्हा मी त्यावर छर्रे वाळत घालायचो. सरांच्या चेहऱ्यावर बरोब्बर.

मग नाशिकची शर्यत आली. तिथं स्केटचे बूट बनवणाऱ्या एका कंपनीची माणसं येणार होती. ते चांगली पोरं निवडून पगारावर घेतात. त्यांचं नाव छातीवर घालून देशभर शर्यती करायच्या, लहान पोरांना शिकवायचं, आणि महिन्याला पगार. फिरायचा पगार! मला पातेली मिळाली. पण तिच्या घरी होडीशिवाय काही नव्हतं, आणि शाळा संपली की तिच्यापुढं दोनच रस्ते होते. एक हा, आणि दुसरा दरवर्षी मुकादमाच्या गाडीत बसून गुजरातेत मजुरीला जायचा. तो रस्ता तिच्या मोठ्या बहिणीनं आधीच धरला होता.

मी आणि कस्तूर नाशिकला गेलो. मी नवी टोपी घातली. मनात होतं, पोरगी जिंकली की कोणीतरी विचारेल, वळण कोणी शिकवलं?

शेवटच्या फेरीपर्यंत रमिला पुढं होती. वळणावर मागच्या पोरीचं चाक तिच्या चाकाला लागलं आणि ती पडली. हात टेकला, गुडघा टेकला. मागच्या दोन पोरी पण पडल्या. त्या झटकन उठल्या आणि पळाल्या. सगळं मैदान ओरडत होतं, "ऊठ! ऊठ!" बाकीच्या पोरी खूप मागं होत्या, त्या दोघींबरोबर उठली असती तर अजून पहिली आली असती.

रमिला बसली. शांतपणे स्केटच्या पट्ट्या सोडल्या. दोन्ही स्केट हातात घेतले आणि अनवाणी रिंगणाबाहेर चालत आली.

गिरासे सर धावले. "उठली का नाहीस? लागलं का?"

"नाही सर. हात टेकला. संपलं ना."

"कोणी सांगितलं तुला संपलं?"

"आबांनी."

सरांनी वळून माझ्याकडे पाहिलं. कंपनीच्या माणसांनी पाहिलं, पोरींच्या आयांनी पाहिलं. सारी उमर वाटत होतं, चारचौघांत कोणीतरी माझं नाव घ्यावं. घेतलं.

येताना एसटीत कस्तूर खिडकीबाहेर बघत बसली. एकदाच म्हणाली, "टोपी काढ आते."

आठवड्यानं सर दुकानावर आले. शिट्टी नव्हती. कंपनीवाल्यांना पोरीचा वेग आवडला होता. पुढच्या महिन्यात पुण्याला एकदा परत बघणार होते, शेवटचं. पण त्यांनी सांगितलं होतं की रस्त्यावरच्या लांब शर्यतीत पडणं होतंच, पडल्यावर जी उठत नाही ती आम्हाला नको.

"मी रोज सांगतो तिला," सर म्हणाले. "स्केटिंगमध्ये तसा नियम नाही. पडलं तर उठून पळायचं. ती ऐकून घेते. सरावात मुद्दाम पाडलं तरी खालीच बसून राहते. म्हणते, आबांना विचारा."

मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं. ज्याच्या तेलानं चाकं पळतात त्याचा शब्द पोरगी मानत नव्हती, माझा मानत होती.

मी म्हटलं, "नियम तो नियम, सर. त्यासाठी माझ्या उस्तादांनी धंदा सोडला. तुमच्या महिन्याच्या पगारासाठी मी तो मोडू?"

सरांनी चहा संपवला. कप धुऊन ठेवला. "माझ्यासाठी नका मोडू," म्हणाले, आणि गेले.

कस्तूर मागं भाजी निवडत होती. वर न बघता म्हणाली, "उस्तादना पाय तुले दिखना. उस्तादनं तोंड दिखनं नही का?"

मी म्हटलं, "तू काय समजस सायकलमधलं?"

"सायकलमधलं नही समजत. ओट्यावर बठेल माणूस समजस."

दिवसभर एकही पंक्चर धड निघालं नाही. उस्तादांचं तोंड मी पाहिलं होतं. किती वेळा पाहिलं होतं. परत चढा असं त्यांना साऱ्या गावानं म्हटलं होतं, पण गाव काही सायकलवर बसलेलं नव्हतं. ज्यानं नियम दिला त्यानंच सोडवायचं असतं, आणि उस्तादांचे उस्ताद तेव्हा कबरीत होते. रमिलाचा उस्ताद इथं दुकानात बसला होता. धडधाकट.

दुसऱ्या दिवशी रमिलाला बोलावून सांगून बघितलं. "बेटा, पाय टेकला तरी चालतं. ऊठ आणि पळ."

तिनं माझ्याकडे बघितलं. "सरांनी सांगायला लावलं ना?"

"नही."

"तुमचा कधी टेकला होता?"

बोलून होण्यातलं ते नव्हतं.

मग मी रिंगणातली सायकल काढली. विकली नव्हती, दुकानाच्या आढ्याला टांगलेली असते. चाकात हवा भरली, साखळीला तेल दिलं, पातळ, सरांकडून मागून. सिमेंटच्या रस्त्याला वाहनं सुरू झाली होती, म्हणून शाळेच्या मैदानावर चुन्याचं रिंगण मारलं. सर आले, वसतिगृहाच्या पोरी आल्या. रमिला हाताची घडी घालून उभी राहिली.

मी चढलो. पहिली फेरी डुगडुगत गेली. गुडघे कुरकुरले. दुसऱ्या फेरीत हँडलनं ती जुनी ओढ दिली आणि हातांनी ओळखली. मैदानाच्या कुंपणापाशी जीपवाले जमले, भाजीवाल्या जमल्या. त्यातून कोणीतरी मोठ्यानं ओरडलं, "अरे, हाऊ तं सुपडू सायकलवाला!"

ह्याच्यासाठी मी जळत होतो, आणि ते आता समोर होतं. गर्दी, टाळ्या, नाव. मी गरजेपेक्षा जास्त फेऱ्या मारल्या. कोणी थांबवलं नसतं तर संध्याकाळपर्यंत मारल्या असत्या, आणि पाय न टेकता. डोक्यात येत होतं, असाच फिरत राहू, असाच फिरता फिरता मरू, कोरा पाय घेऊन. पुण्याला जे व्हायचं ते होईल.

मग रमिलाच्या समोरून जाताना मी डावा पाय खाली सोडला.

टेकला. पूर्ण, टाच आणि चवडा. सायकल थांबली. माती पायाला गरम लागली. कुंपणापाशी म्हातारी माणसं होती, त्यांना नियम ठाऊक होता. एकजण हळूच म्हणाला, "अरेरे."

मी रमिलाला म्हटलं, "देख. टेकना."

मग त्याच पायानं जमिनीला रेटा दिला आणि परत चढलो. हँडल हललं, सावरलं. एक फेरी मारली, आणि दुसरी. तिच्यासमोर आल्यावर विचारलं, "संपनं का?"

माझ्याबरोबर तिची मान फिरत होती.

"नाही आबा," ती म्हणाली. "तुम्ही फिरताय."

अजून एक फेरी झाल्यावर म्हणाली, "आता उतरा, नाहीतर खरंच पडाल."

पुण्याला मी गेलो नाही. सरांनी दुकानातल्या मोबाईलवर शर्यत दाखवली. लांबची रस्त्यावरची शर्यत. मध्यात एका वळणावर पाणी सांडलेलं होतं, त्यावर चाक सरकलं आणि ती पडली. दोन्ही हात टेकले. एवढ्या वेळात तर कोंबडीनं पण उकरून होत नाही, तेवढ्यात ती उठली. पहिली आली नाही, दुसरी पण नाही. तरी कंपनीनं घेतलं.

आता ती पगारदार स्केटर आहे. छातीवर कंपनीचं नाव, पायात नवे स्केट, बहीण गुजरातेतून परत आली. तळोद्यात तिचा मोठा फोटो लागला, बाजूला गिरासे सर. मी फोटोत नाही. एकदा मोबाईलवर तिची मुलाखत आली. कोणी शिकवलं विचारल्यावर तिनं सरांचं नाव घेतलं आणि मग म्हणाली, "आणि आमच्या तळोद्याचे पंक्चरवाले आबा." पंक्चरवाले! सायकलवाले म्हणायला काय झालं होतं पोरीला? ती सुट्टीत टापूवर जाताना दुकानात थांबली तेव्हा मी तिला चांगलं सुनावलं. तिनं ऐकून घेतलं, पिशवीतून स्केट काढले आणि म्हणाली, "आबा, धुऊन द्या. आणि ग्रीस नको."

पोट अजून दुखतं. पगाराचं दुखतं, पण ते दुपारच्या जेवणापर्यंत जिरतं. टाळ्यांचं दुखतं, ते पण जिरतं. पुण्याच्या शर्यतीचा तो तुकडा मोबाईलमध्ये ठेवून घेतला आहे. बाकीची शर्यत मी बघत नाही. ती पडते आणि उठते, तेवढंच बघतो. किती सोपं करते ती. ते बघितलं की जे दुखतं त्याला कस्तूरचा ओवा लागू पडत नाही.

शहाद्याला सुटे भाग आणायला मी सायकलनंच जातो. उस्तादांचं घर आता दुसऱ्या कोणाचं आहे, पण समोरचा ओटा तसाच आहे. वाट वाकडी करून मी त्या गल्लीतून जातो. ओट्यासमोर आलो की सायकल थांबवतो आणि डावा पाय जमिनीला टेकतो. लोक बघतात, म्हाताऱ्याला दम लागला म्हणतात. म्हणू देत. मग रेटा देऊन परत चढतो.